हजेरी

इथे म्हणतात, नाव स्वतःच ठेवायचं असेल
तर पहिल्या शंभर मैलांत ठेव.
नाहीतर कुणीतरी ठेवतं, आणि ते चिकटतं
बुटाच्या चिखलासारखं, वाळलं तरी निघत नाही.

मी घरूनच ठरवून आले होते : ससाणा.
एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, ससाणा.
केंटकीतल्या माझ्या स्वयंपाकघरात, विजेच्या बिलामागे
पाच-सहा वेळा लिहून पाहिलं होतं.
व्हर्ना स्टिल्टनरपेक्षा बरं दिसत होतं.

पहिल्या निवाऱ्याच्या वहीत लिहिलं. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या.
तीन भिंतींचं लाकडी खोपट, चौथ्या बाजूला अख्खं जॉर्जिया,
आढ्यावरून रात्रभर उंदरांची ये-जा,
आणि खिळ्याला टांगलेली ती वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
ससाणा, ससाणा, ससाणा.
हाक मारायची वेळ आली की सगळे म्हणत, "अहो, बाई."

बाकीच्यांची नावं कशी आपोआप आली.
ओहायोचा टोबिन शेकोटीवर मोजे वाळत घालून झोपला,
सकाळपासून तो जळका मोजा.
निवृत्त पाद्री एल्डन, छातीत दोन स्टेंट,
कुणी विचारलं की सांगायचा, "डॉक्टर नको म्हणाले होते."
त्याचं नावच पडलं नकोम्हणाले.
आणि कोरिन, रोज रात्री शपथ घेते
की उद्या नक्की घरी परत जाणार,
ती उद्या.
"उद्या आली का?" "उद्या अजून झोपलीय."
"उद्याचं काही सांगता येत नाही बुवा."
महिनाभर तोच विनोद, आणि महिनाभर आम्ही हसलो.

स्मोकीजमध्ये एप्रिलात बर्फ पडला.
झाडांवरचे पांढरे पट्टे पांढऱ्यात हरवले.
रोडोडेंड्रॉनच्या बोगद्यातून एकेक जण निवाऱ्यात शिरला
आणि मी दाराशी उभी
(दार नसतं तिथे, तरी दाराशी)
बोटाने मोजत होते.
सात.
पुन्हा मोजलं. सात.
टॉर्च घेऊन पाव मैल मागे गेले.
उद्या एका ओंडक्यावर बसली होती,
सुटलेली नाडी बांधत, बोटं निळी,
आणि नाडी कधीच बांधून झाली होती.

रात्री सूप पिताना जळका मोजा म्हणाला,
"बाई रोज मोजतात. लक्षात आलंय का कुणाच्या? रोज.
कसला ससाणा? या तर हजेरी."
झालं. बारसं उरकलं.

रीत अशी की एकदा नाही म्हणता येतं.
मी तोंड उघडलंही होतं.

कसं सांगणार,
एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली
आणि अकराव्या वर्षी, जानेवारीतल्या एका संध्याकाळी,
मोजलं नाही.
मागच्या बाकाखाली वेस्ली झोपला होता, सहा वर्षांचा.
कुलूप लावून मी घरी गेले, मक्याचा पाव भाजला.
तीन तास.
जगला तो. आता कोळशाचा ट्रक चालवतो,
रस्त्यात दिसले की हात करतो मला,
दोन बोटं कमी असलेला हात.

तेव्हापासून मोजत आलेय. चर्चमध्ये, लग्नांत,
ड्वाइटच्या दफनाला, त्याला धरून.
तेच खाली ठेवायला तर आले होते इथे,
वजन कमी व्हावं म्हणून
दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा कापून.

सकाळी वही काढली. थंडीने पेन चालेना.
कसाबसा एक स उमटला, तिथेच राहिला.
मागे कोरिन बूट चढवत होती,
हातात माझे हातमोजे.
मी वळून न बघता विचारलं, "मग, आज घरी?"
"उद्या," ती म्हणाली.
आणि थोड्या वेळाने, पट्टे आवळता आवळता,
शाळेतल्यासारखं : "हजर."

मी पेनाच्या टोकावर फुंकर घालत राहिले.